ओहायचे पाणी आणि त्याची दोन बिले

कॅलिफोर्नियातील ओहाय या छोट्या गावी मुलीच्या घरी मी सलग पाच महिने राहिलो. माझी सारी नोकरी पाणीपुरवठ्यात गेलेली असल्यामुळे तेथील नळाचे पाणी नुसते पिऊन माझे समाधान झाले नाही. मी दाब मोजला, मीटर वाचला, पाण्याच्या गुणवत्तेचा वार्षिक अहवाल काढून पाहिला, संचालक मंडळाच्या एका सभेला जाऊन बसलो आणि शेवटी दोन वेगवेगळी बिले शेजारी शेजारी ठेवून त्यांची बेरीज केली. खाणावळींची आणि मिक्सरची परीक्षणे लोक हौसेने लिहितात. मग ज्या सेवेवाचून सकाळचा चहाही होत नाही तिचे परीक्षण का लिहू नये, असे वाटले. शिवाय या सेवेला आजचे रूप गावकऱ्यांनी स्वतः मतदान करून, कर्जरोखे काढायला होकार देऊन आणलेले आहे. त्यामुळे केवळ पाण्याचे परीक्षण करून भागत नाही, त्या मताचेही करावे लागते.

ओहाय हे नाव आपल्याकडे ज्यांनी ऐकलेले असते, त्यांनी ते बहुधा तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्ती यांच्यामुळे ऐकलेले असते. ते १९२२ साली येथे प्रथम आले आणि १९८६ साली येथेच त्यांचे निधन झाले. लॉस एंजेलिसच्या वायव्येला, डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात वसलेल्या या गावाची लोकसंख्या साडेसात हजारांच्या आसपास आहे, म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या ग्रामपंचायतीएवढी. आजूबाजूला संत्र्यांच्या बागा आहेत आणि संध्याकाळी पूर्वेकडचा टोपाटोपाचा कडा काही मिनिटे गुलाबी होतो, तो पाहायला लोक गाड्या थांबवून उभे राहतात. गावाला पाणी दोन ठिकाणांहून मिळते : खोऱ्यातल्या विहिरींतून आणि काही मैलांवरच्या कॅसिटास तलावातून. या तलावाचे धरण १९५९ साली पुरे झाले. १९८४ च्या ऑलिंपिकमधील नौकानयनाच्या शर्यती याच तलावात झाल्या. मात्र पाणी पिण्याचे असल्यामुळे त्यात पोहायला बंदी आहे. तलावावर नावा चालतात, मासे धरणारे गळ टाकून बसलेले असतात, पण पाण्यात पाय सोडून बसलेला माणूस मला एकदाही दिसला नाही. आमच्याकडच्या तलावांवर धुणी आणि म्हशी पाहण्याची सवय असलेल्या माझ्या डोळ्यांना त्याचे बरेच दिवस नवल वाटत होते.

आता तोटीकडे येतो. पाणी चोवीस तास येते, हे अमेरिकेत सांगण्यासारखे नाही. पण जो माणूस आयुष्यभर व्हॉल्व्हमनच्या सायकलीची वाट पाहणाऱ्या गावांमध्ये राहिला, त्याला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातून मी बागेच्या नळाला बसणारा दाबमापक विकत आणला आणि सकाळी सात वाजता, दुपारी आणि रात्री अकराला, असे आठवडाभर दाब टिपून ठेवले. काटा दर चौरस इंचाला साठ पौंडांच्या आगेमागे राहिला, म्हणजे पाण्याचा स्तंभ चाळीस मीटरच्या वर. आपल्याकडे वितरण व्यवस्था आखताना एकमजली घराला सात मीटर, दुमजली घराला बारा आणि तीनमजली घराला सतरा मीटर दाब शेवटच्या टोकाला मिळावा, असे माझ्या नोकरीच्या काळात धरत आणि प्रत्यक्षात तो मिळाला तर अभियंत्याची पाठ थोपटत. त्या मानाने हे वैभवच आहे. वैभवाची दुसरी बाजू अशी की, एवढ्या दाबाखाली जुनी जलवाहिनी फुटली तर ती गुपचूप झिरपत नाही, रस्ता उखडून वर येते. म्हणूनच जुने नळ बदलण्याचे काम या गावात लांबणीवर टाकता येत नाही.

पाणी थोडे जड आहे. किटलीच्या तळाशी पांढरा थर बसतो आणि तुरीची डाळ कुकरमध्ये एक शिट्टी जास्त मागते. ही तक्रार जमिनीविषयी आहे, पाणी पुरवणाऱ्यांविषयी नाही. अमेरिकेत प्रत्येक सार्वजनिक पाणीपुरवठा संस्थेला दर वर्षी १ जुलैपर्यंत ग्राहकांना पाण्याच्या गुणवत्तेचा अहवाल द्यावा लागतो. मुलीकडे तो कधीचा येऊन पडलेला होता. उघडून मात्र कोणी पाहिला नव्हता. त्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे १० मिलिग्रॅम दिलेली पाहून मुलगी म्हणाली, “बाबा, आपल्याकडे तर ४५ चालते म्हणतात, इतका फरक?” फरक काहीच नाही. ते नायट्रोजनच्या वजनात मोजतात आणि आपण नायट्रेटच्या. दहाचे पंचेचाळीस होतात. दोन देशांतल्या आकड्यांची तुलना करून घाबरणाऱ्यांनी आधी एकक पाहावे, एवढे येथे सांगून ठेवतो.

मीटरची गंमत वेगळी आहे. घरासमोर पदपथाच्या कडेला काँक्रीटच्या चौकोनी खड्ड्यावर एक झाकण असते. स्क्रू ड्रायव्हरने ते उचलले की कोळ्याची जाळी, दोन गोगलगायी आणि त्यांच्याखाली पितळी मीटर दिसतो. त्याच्या तबकडीवर मोठ्या काट्याखेरीज एक बोटाच्या नखाएवढे लाल त्रिकोणी चाक आहे. घरातले सारे नळ बंद असताना ते चाक हलत असेल, तर घरात कोठेतरी गळती आहे. एका महिन्याचे बिल अचानक वाढले तेव्हा जावयाने एका प्लंबरला बोलावले. त्याने आत-बाहेर दोन फेऱ्या मारल्या, अंगणातली वाहिनी खणून पाहावी लागेल असे सांगितले आणि केवळ हे सांगण्याचे भरपूर पैसे घेऊन गेला. मी रात्री बॅटरी घेऊन झाकण उचलले. लाल त्रिकोण अगदी सावकाश, देवळातल्या प्रदक्षिणेच्या गतीने फिरत होता. शौचालयाच्या टाकीला पाणी पुरवणारी तोटी बंद केली आणि त्रिकोण जागच्या जागी थांबला. टाकीतल्या रबरी झडपेला चीर गेली होती. नवी झडप प्लंबरच्या फीच्या मानाने जवळजवळ फुकट मिळाली. ज्या गावात मीटर आहे, तो चालतो आणि त्याच्यावर बिल ठरते, त्या गावातच गळती अशी पकडता येते. ठोक पाणीपट्टीच्या गावात ही टाकी वर्षानुवर्षे गळत राहिली असती आणि कोणाच्याही खिशाला तिची झळ लागली नसती.

पहिले बिल महिन्याचे, पाण्याचे. त्यात एक स्थिर आकार असतो आणि वापराप्रमाणे वाढणारा दुसरा. एकक शंभर घनफुटांचे आहे, म्हणजे सुमारे २,८३० लिटर. आपल्याकडच्या दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये अशी साडेतीन एकके बसतात. हे बिल वाचायला सोपे आहे, ते महाग वाटत असले तरी समजते आणि केवळ त्याच्यावरून मत द्यायचे असते, तर हे परीक्षण येथेच आटोपले असते.

ऑक्टोबरात दुसरे बिल आले. ते पाण्याचे नव्हे, व्हेंचुरा काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा म्हणा) मालमत्ता कराचे होते. त्याचा पहिला हप्ता १० डिसेंबरपर्यंत भरायचा आणि दुसरा १० एप्रिलपर्यंत. घराच्या किमतीवर बसणाऱ्या मुख्य कराखाली लहान अक्षरांत काही ओळी होत्या आणि त्यांतली एक पाणीपुरवठा संस्थेच्या नावाची होती. मुलीला ती शाळेच्या किंवा ग्रंथालयाच्या कराची ओळ वाटत आली होती. ती ओळ म्हणजे २०१३ साली या गावाने दिलेल्या मताची वार्षिक किंमत. तिची रक्कम बारा महिन्यांवर पसरून पाण्याच्या बिलात मिळवली की “पाणी स्वस्त झाले” हे गावातले नेहमीचे वाक्य जरा हळू आवाजात म्हणावे लागते.

हे मत कशासाठी दिले गेले, ते नीट सांगायला हवे. ओहायच्या नळांची मालकी पूर्वी गोल्डन स्टेट वॉटर कंपनी या खासगी कंपनीकडे होती. तिचे येथे सुमारे २,९०० ग्राहक होते. कंपनीचे दर ठरत ते सॅन फ्रान्सिस्कोतल्या राज्य आयोगापुढे. ओहायहून तेथे जायचे तर साडेतीनशे मैलांची वाट. गावाच्या वेशीपलीकडच्या घरांना मात्र कॅसिटास म्युनिसिपल वॉटर डिस्ट्रिक्ट ही सार्वजनिक संस्था पाणी देत होती आणि तिचे दर बरेच कमी होते. विहिरी अपुऱ्या पडल्या की कंपनीही याच संस्थेकडून तलावाचे पाणी घाऊक विकत घेई. म्हणजे कुंपणाच्या अलीकडे आणि पलीकडे एकाच तलावाचे पाणी आणि किमती दोन. शेजाऱ्याच्या बिलाशी आपले बिल ताडून पाहण्याची सोय असली की असंतोषाला वेगळा प्रचार लागत नाही. काही नागरिकांनी ‘ओहाय फ्लो’ नावाचा गट स्थापन केला आणि कॅसिटास संस्थेला गळ घातली की, तुम्हीच ही यंत्रणा घ्या, पैशाचे आम्ही पाहतो.

पैशाचे पाहायचे म्हणजे कर्जरोखे काढायचे आणि ते फेडण्यासाठी स्वतःवर कर बसवून घ्यायचा. कॅलिफोर्नियात १९७८ साली मतदारांनी मंजूर केलेल्या तेराव्या प्रस्तावाने मालमत्ता कराला लगाम घातल्यावर स्थानिक संस्थांचे हात बांधले गेले होते. त्यातून वाट म्हणून १९८२ साली मेलो-रूस कायदा आला. हे नाव तो मांडणाऱ्या दोन आमदारांवरून पडले आहे. या कायद्याने एखाद्या ठरावीक क्षेत्रापुरता विशेष कर बसवता येतो आणि त्याच्या आधारावर रोखे काढता येतात. अट एकच, आणि ती कडक आहे : त्या क्षेत्रातल्या मतदारांपैकी मत देणाऱ्या दोन तृतीयांश लोकांनी होकार दिला पाहिजे. ऑगस्ट २०१३ मध्ये ‘मेझर व्ही’, म्हणजे ‘व्ही’ अक्षराचा प्रस्ताव, या नावाने हा प्रश्न मतदारांपुढे आला. जास्तीत जास्त ६ कोटी डॉलरचे रोखे काढायचे, त्यांतून कंपनीची यंत्रणा विकत घ्यायची आणि तिची दुरुस्ती करायची, असा तो प्रस्ताव होता. ८७ टक्के मते बाजूने पडली. माझ्या नोकरीत मी पाणीपट्टी दहा टक्क्यांनी वाढवण्याच्या ठरावावर सभागृहात खुर्च्या उचललेल्या पाहिल्या आहेत. स्वतःवर नवा कर लादून घेण्यासाठी शंभरातली सत्त्याऐंशी माणसे हात वर करतात, यावर मला आधी विश्वास बसला नाही; मुलीच्या शेजारच्या आजोबांनी त्यांचा त्या वेळचा प्रचारफलक गॅरेजमधून काढून दाखवला, तेव्हा बसला.

कंपनी न्यायालयात गेली. तिचे म्हणणे असे की, हा कायदा सार्वजनिक सोयी उभारण्यासाठी आहे, दुसऱ्याची चालू यंत्रणा सक्तीने संपादन करण्यासाठी नाही. खालच्या न्यायालयाने ते मानले नाही आणि एप्रिल २०१५ मध्ये अपील न्यायालयानेही मानले नाही. शेवटी तडजोड झाली आणि ८ जून २०१७ रोजी सुमारे ३ कोटी ४३ लाख डॉलरना यंत्रणा कॅसिटास संस्थेच्या ताब्यात आली. विकणाऱ्याला हा सौदा फार जड गेला नाही. गोल्डन स्टेटची मालकी असलेल्या वरच्या कंपनीने हिशेबात या विक्रीवर करपूर्व ८३ लाख डॉलर नफा दाखवला आहे.

आता अभियंत्याची जुनी खोड म्हणून एक भागाकार करतो. ३ कोटी ४३ लाखांना २,९०० ने भागले की एका नळजोडणीमागे सुमारे ११,८०० डॉलर येतात. व्याज अजिबात न धरता हे तीस वर्षांवर पसरले, तरी महिन्याला ३३ डॉलर होतात. व्याज आणि दुरुस्तीचा खर्च धरला की त्याहून अधिक. म्हणजे जुनी कंपनी आणि नवी संस्था यांच्या बिलांतला फरक महिन्याला तेवढा असेल, तेथे ग्राहकाची बरोबरी होते. ज्याचा फरक त्याहून कमी पडतो अशा, कमी पाणी वापरणाऱ्या एकट्यादुकट्याच्या घराला हा सौदा नुसत्या पैशांत तोट्याचाही ठरू शकतो. बाग मोठी, वापर मोठा, त्याचा फायदाही मोठा. कारण विशेष कर महिन्याच्या वापराप्रमाणे कमीजास्त होत नाही. पाणी वाचवणाऱ्यालाही तो भरावाच लागतो. मतदानाच्या प्रचारात ही बाजू किती पुढे आली असेल, याविषयी मला शंका आहे. पाणी विकणे आणि पाणी वाचवायला सांगणे या दोन धंद्यांचे मुळातच पटत नाही. त्यात कराची ओळ वेगळ्या बिलात गेली की काटकसरीचे बक्षीस आणखी लहान दिसते.

मग घेतले काय? यंत्रणा ताब्यात आली तेव्हा नळ तेच होते, विहिरी त्याच होत्या आणि तलाव तर कधी बदलणारच नव्हता. या प्रश्नाचे उत्तर मला संचालक मंडळाच्या सभेत मिळाले. कॅसिटास संस्थेचे पाच संचालक मतदारांनी विभागवार निवडून दिलेले असतात. नियमित सभेची विषयपत्रिका कायद्याने बहात्तर तास आधी लावावी लागते आणि कोणीही, अगदी माझ्यासारखा पाहुणासुद्धा, उठून बोलू शकतो. त्या संध्याकाळी विषय जलवाहिन्या बदलण्याच्या कंत्राटाचा होता. व्यासाचे आकडे, दर फुटाचा खर्च, कोणत्या रस्त्यापासून सुरुवात करायची, हे सारे मोकळेपणाने चालले होते. एका वयस्कर बागाईतदार बाईंनी उठून विचारले की, आमच्या रस्त्याचा नंबर तिसऱ्या टप्प्यात का? अभियंत्याने नकाशा पडद्यावर आणून गळतीची ठिकाणे दाखवली. बाईंचे समाधान झालेले दिसले नाही, पण उत्तर नावानिशी, तोंडावर आणि त्याच रात्री मिळाले. खासगी कंपनीच्या काळात हाच प्रश्न विचारायचा तर वकील लागला असता आणि सॅन फ्रान्सिस्कोचा रस्ता धरावा लागला असता. दर वाढवायचे झाले तरी, १९९६ साली मतदारांनी मंजूर केलेल्या २१८ व्या प्रस्तावानुसार, संस्थेला पंचेचाळीस दिवस आधी प्रत्येक ग्राहकाला टपालाने नोटीस द्यावी लागते आणि निम्म्याहून अधिक लोकांनी लेखी हरकत घेतली, तर वाढ रद्द होते. रोख्यांच्या पैशांतून गावाने प्रामुख्याने ही खुर्ची घेतली आहे : प्रश्न विचारणाऱ्याची. मी गेलो त्या दिवशी सभागृहात अशा खुर्च्या चाळीसएक होत्या आणि बसलेली माणसे, मला धरून, अकरा.

हा सौदा सगळीकडे असाच होतो, असे समजू नये. सांताक्रूझ काउंटीतल्या फेल्टन या याहूनही लहान गावाने २००५ साली १ कोटी १० लाख डॉलरच्या रोख्यांना सुमारे तीन चतुर्थांश मतांनी मान्यता दिली आणि २००८ साली तेथील खासगी यंत्रणा शेजारच्या सार्वजनिक संस्थेकडे आली. पुढे २०२० च्या वणव्यात त्या संस्थेच्या डोंगरातल्या जलवाहिन्या जळाल्या. मालकी आपली झाली की संकटही आपलेच होते आणि ते वाटून घ्यायला ग्राहक मोजकेच असतात. क्लेअरमाँटची कथा त्याहून कडू आहे. तेथेही यंत्रणा गोल्डन स्टेटचीच होती. नोव्हेंबर २०१४ मध्ये मतदारांनी १३ कोटी ५० लाख डॉलरच्या रोख्यांना भरघोस होकार दिला, पण डिसेंबर २०१६ मध्ये न्यायालयाने संपादनाची गरज सिद्ध झाली नाही असे सांगून नगराचा दावा फेटाळला. यंत्रणा मिळाली नाही ती नाहीच, वर कंपनीच्या वकिलांचा खर्चही नगराच्या डोक्यावर आला. त्याच कंपनीविरुद्ध, त्याच दशकात, एकाच राज्यात एका गावाला यंत्रणा मिळाली आणि दुसऱ्याला बिल. ओहायच्या लोकांनी आपल्या ८७ टक्क्यांचा अभिमान जरूर बाळगावा. पण मतपेटीइतकेच त्यांचे नशीब न्यायालयातही उघडले, हे विसरू नये.

ज्या जून २०१७ मध्ये ओहायला यंत्रणेचा ताबा मिळाला, त्याच महिन्यात पुणे महानगरपालिकेचे २०० कोटी रुपयांचे कर्जरोखे मुंबई शेअर बाजारात नोंदले गेले. व्याज ७.५९ टक्के, मुदत दहा वर्षे आणि काम समान पाणीपुरवठ्याचे, चोवीस तास पाणी देण्याचे. एकूण २,२६४ कोटी रुपये रोख्यांतून उभारण्याचा बेत होता, त्याचा तो पहिला हप्ता. दोन घटनांमधले साम्य दोन आठवड्यांच्या अंतरापुरतेच आहे. पुण्यात रोख्यांना मंजुरी सर्वसाधारण सभेने दिली आणि त्यांची परीक्षा पतमानांकन संस्थांनी घेतली. त्या परीक्षेत पुण्याला डबल ए प्लस मिळाले. पुणेकराला कोणी विचारले नाही आणि त्याच्या कराच्या बिलात या कर्जाची वेगळी ओळही नाही. ओहायमध्ये हीच परीक्षा दुधाचे पैसे, शाळेची फी आणि घराचा हप्ता भरणाऱ्या माणसांनी घेतली. मला पुण्याची पद्धत वाईट वाटत नाही. साडेसात हजारांच्या गावात जे जमते, ते तीस-पस्तीस लाखांच्या शहरात प्रत्येक नळापायी करता येणार नाही. पण कर्ज फेडणाऱ्याला आपण कर्ज फेडतो आहोत हे माहीत असावे, एवढी माझी अपेक्षा आहे. आणि गंमत अशी की, ज्या गावाने ती पुरी केली, त्या गावात राहणाऱ्या माझ्या मुलीलाही ते माहीत नव्हते.

रोख्यांनी न सुटलेली गोष्ट पावसाची आहे. गेल्या दशकातल्या दुष्काळात कॅसिटास तलाव एक तृतीयांशाच्या आसपास उतरला होता आणि पुढे २०२३ व २०२४ च्या पावसाने तो जवळजवळ काठोकाठ भरला. बाहेरून पाणी आणणारी मोठी वाहिनी या खोऱ्यात नाही. जे पडेल ते साठवायचे आणि जे साठेल ते पुरवायचे. लॉस एंजेलिसने १९०७ साली २ कोटी ३० लाख डॉलरच्या रोख्यांना मत देऊन २३३ मैलांवरून ओवेन्स खोऱ्याचे पाणी आणले. ते खोरे त्यानंतर कोरडे पडत गेले. ओहायने मतदान केले ते दुसऱ्याचे पाणी आणण्यासाठी नव्हे, स्वतःच्या पाण्याची चावी परत घेण्यासाठी, आणि माझ्या हिशेबी हा त्या रोख्यांचा सर्वांत स्वच्छ गुण आहे. मात्र पुढचा दुष्काळ आला की ही चावी आवळण्याचे कामही निवडून दिलेल्या पाच जणांनाच करावे लागेल. त्या वर्षी सभागृहातल्या चाळीस खुर्च्या बहुधा पुरणार नाहीत.

गुण द्यायचेच झाले तर दाब आणि सातत्य यांना पाचपैकी पाच, माहितीच्या उघडेपणाला साडेचार, आणि किमतीला तीन. किमतीचे दोन गुण मी महागाईबद्दल कापलेले नाहीत, ती दोन पाकिटांत विभागून येते म्हणून कापले आहेत. पाण्याच्या बिलावर तळाशी एक ओळ छापली, “तुमच्या मालमत्ता करात या यंत्रणेसाठी वर्षाला इतकी रक्कम आहे,” तर मी त्यातला एक आनंदाने परत देईन.

ओहाय किंवा आजूबाजूच्या परिसरात घर घेण्याचा विचार करणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. घर कंपनीच्या जुन्या क्षेत्रात आहे की वेशीपलीकडे, हे आधी विचारावे, कारण हा विशेष कर फक्त जुन्या क्षेत्रातल्या जमिनींवर आहे; रस्ता ओलांडला की तो कदाचित नसेल. विक्रेत्याचे महिन्याचे पाणीबिल पाहून हुरळून जाऊ नये, त्याच्याकडे मागच्या ऑक्टोबरचे कराचे बिलही मागावे. मेलो-रूस कर असलेल्या घराच्या विक्रीत त्याची लेखी नोटीस देणे कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे माहिती मिळत नाही असे होत नाही. मुलीच्या घराच्या कागदपत्रांचा गठ्ठा मी जानेवारीत, निघण्याच्या आदल्या रात्री चाळला. ती नोटीस त्यात होती, वाळवीच्या तपासणीचा अहवाल आणि भूकंपाची माहितीपुस्तिका यांच्या मधोमध, आणि तिच्याखाली मुलीची सही होती.